केरूनाना छत्रे: तुमच्या फोनमधल्या आकड्याचं नागाव कनेक्शन

आधी एक छोटा प्रयोग करा. फोनमध्ये सेन्सरची रीडिंग दाखवणारं कुठलंही फुकट ॲप घ्या आणि त्यात ‘मॅग्नेटोमीटर’ उघडा. (काही स्वस्त फोनमध्ये हा सेन्सर नसतो, तेव्हा मित्राचा फोन घ्या.) लोखंडी कपाट, स्पीकर, चार्जर यांच्यापासून लांब उभे राहा. इथे नवी मुंबईत साधारण चाळीसच्या आसपास आकडा दिसेल. पण चाळीस काय? बाजूला बारीक अक्षरात लिहिलेलं असतं: मायक्रोटेस्ला. पृथ्वीचं चुंबकीय क्षेत्र मोजायचं ते एकक.

हेच मोजण्याची नोकरी जवळजवळ 185 वर्षांपूर्वी मुंबईत एका पंधरा वर्षांच्या मराठी मुलाला लागली होती. त्याचं नाव केरो लक्ष्मण छत्रे, म्हणजे आपले केरूनाना.

नागाव ते कुलाबा

केरूनानांचा जन्म 16 मे 1825 चा, अलिबागजवळच्या नागावचा. लहानपणीच आईवडील गेले, म्हणून ते मुंबईला काकांकडे आले. काका म्हणजे सदाशिव काशिनाथ ऊर्फ बापू छत्रे, मराठीत पहिली छापील पुस्तकं तयार करणाऱ्या मंडळींपैकी एक. केरूनाना एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमध्ये शिकले. तिथले गणिताचे प्राध्यापक ऑर्लेबार कुलाब्याची वेधशाळाही सांभाळायचे. त्यांनी या मुलाचं गणित हेरलं आणि 1840 मध्ये त्याला वेधशाळेत घेतलं. पगार महिना 50 रुपये. तिथे ते दहाएक वर्षं होते.

1841 पासून कुलाब्याला चुंबकीय नोंदी सुरू झाल्या. तेव्हा आपोआप रेकॉर्ड करणारी यंत्रं नव्हती. ठरलेल्या वेळेला उठायचं, दुर्बिणीतून स्केलवरची खूण डोळ्यांनी वाचायची आणि वहीत लिहायची. आपण ज्याला आज ‘डेटा लॉगिंग’ म्हणतो ते काम माणसं रात्रंदिवस हाताने करायची.

खुणांचा आकडा होतो कसा?

स्केलवर सुई ‘तीन खुणा’ सरकली, एवढ्यावरून काहीच कळत नाही. दुसऱ्या यंत्रावर तेवढ्याच बदलाला पाच खुणा सरकतील. मग मुंबईची नोंद आणि युरोपातली नोंद ताडून कशी बघायची?

याचं उत्तर 1832 मध्ये जर्मन गणिती गाऊसने दिलं होतं. त्याने पृथ्वीचं चुंबकत्व फक्त लांबी, वस्तुमान आणि वेळ या तीन गोष्टींत मोजून दाखवलं. मिलिमीटर, मिलिग्रॅम आणि सेकंद कुठेही सारखेच, त्यामुळे यंत्र कोणाचं आहे हा प्रश्नच उरला नाही. अकरावीला ‘मिती’ म्हणून जे शिकवतात, त्याची मुळं अशा कामात आहेत.

आजच्या एसआय पद्धतीत यात विद्युतधाराही येते. क्षेत्रात ठेवलेल्या तारेवर बल लागतं. त्या बलाला धारा आणि तारेची लांबी यांनी भागलं की चुंबकीय क्षेत्र मिळतं. बल म्हणजे वस्तुमान गुणिले लांबी, भागिले वेळेचा वर्ग. वरची-खालची लांबी कटते. उरतं ते वस्तुमान, भागिले (वेळेचा वर्ग गुणिले धारा). ही झाली टेस्लाची मिती. सूत्र विसरलात तरी अशी ती परत काढता येते.

मण म्हणजे किती?

त्या काळात एककांचा घोळ किती होता बघा. मुंबईचा मण साधारण 28 पौंडांचा, म्हणजे पावणेतेरा किलोच्या आसपास. बंगालचा मण सुमारे 82 पौंडांचा, म्हणजे 37 किलो. शब्द एकच, वजन जवळजवळ तिप्पट. दशमान पद्धतीचा कायदा यायला 1956 उजाडलं.

या घोळात केरूनाना शिकवायला गेले. वेधशाळेनंतर ते पुण्याच्या कॉलेजात आले, मध्ये अहमदनगरच्या शाळेचे मुख्याध्यापक होते, आणि पुढे डेक्कन कॉलेजात गणित आणि पदार्थविज्ञान शिकवू लागले. मराठी मुलांसाठी त्यांनी अंकगणित आणि पदार्थविज्ञान या विषयांवर मराठीत पुस्तकं लिहिली. लोकमान्य टिळक त्यांचे विद्यार्थी. टिळकांना त्यांच्याबद्दल आयुष्यभर मोठा आदर होता.

पंचांगातला ‘बग’

त्यांचं सगळ्यात धाडसी काम वेगळंच. जुन्या पंचांगांचं गणित शतकानुशतकं जुन्या आकड्यांवर चालत होतं. प्रत्येक आकड्यातली चूक छोटी, पण ती वर्षानुवर्षं साठत गेली. परिणामी पंचांगातली ग्रहणं आणि आकाशातली ग्रहणं जुळेनात. 1860 मध्ये केरूनानांनी ‘ग्रहसाधनांची कोष्टके’ हे पुस्तक छापलं: युरोपातली नवी निरीक्षणं, पण मराठी ज्योतिषाला वापरता येतील अशा रूपात. पंचांगकर्त्याचा हिशोब घटी-पळांत चालतो. एक घटी म्हणजे 24 मिनिटं, एक पळ म्हणजे 24 सेकंद. एकक बदललं तरी ग्रहणाची वेळ बदलत नाही. मूळ आकडा चुकीचा असेल तर मात्र कुठलंही एकक वाचवू शकत नाही.

1865 पासून या गणितावर पटवर्धनी पंचांग निघू लागलं. ते फार कमी लोकांनी स्वीकारलं. सण आणि श्राद्धाची तिथी बदलणं म्हणजे घराघरात वाद, त्यामुळे बहुतेक लोक जुन्याच पंचांगावर चालत राहिले. केरूनानांनी मात्र काम सोडलं नाही. सूर्यावरचे डाग आणि पाऊस यांचा काही संबंध आहे का, हेही ते तपासत राहिले. 1877 मध्ये रावबहादूर झाले, 1879 मध्ये निवृत्त झाले आणि 19 मार्च 1884 ला, वयाच्या 58 व्या वर्षी गेले.

माझी गोष्ट, आणि तुमचा फोन

पहिल्या नोकरीत मी एका ॲपसाठी फोनच्या सेन्सरचा ग्राफ काढत होतो. अँड्रॉइड सेन्सरची वेळ नॅनोसेकंदात देतो. मी ती मिलिसेकंद समजलो. कोड चालला, एरर नाही, फक्त उत्तर दहा लाख पटीने चुकलं. दोन दिवस शोधत बसलो. अकरावीत एकक न लिहिल्याबद्दल अर्धा मार्क कापणाऱ्या सरांवर मी चिडायचो, ते तेव्हा आठवले. कॉम्प्युटरला 40 हा फक्त 40 असतो. त्याच्यापुढचं एकक आपणच सांभाळायचं.

आता परत मॅग्नेटोमीटरकडे या. सप्टेंबर 1859 मध्ये इतिहासातलं सर्वात मोठ्यांपैकी एक सौरवादळ आलं. युरोप-अमेरिकेत तारायंत्रं बंद पडली. तेव्हा केरूनाना वेधशाळेत नव्हते, पण कुलाब्याच्या वह्या चालूच होत्या. तिथे क्षेत्र सुमारे 1600 नॅनोटेस्लांनी घसरल्याची नोंद झाली. शास्त्रज्ञ त्या वादळाचा अभ्यास करताना आजही ती नोंद वापरतात. तुमच्या फोनच्या भाषेत ती घसरण किती? हजाराने भागा: 1.6 मायक्रोटेस्ला. किल्ल्यांचा जुडगा फोनजवळ नेलात तरी आकडा याहून जास्त हलू शकतो. म्हणूनच मुंबईत विजेच्या ट्राम येणार म्हटल्यावर 1904 मध्ये चुंबकीय वेधशाळा कुलाब्याहून हलवली. कुठे? अलिबागला, केरूनानांच्या नागावजवळ.

ती अलिबागची वेधशाळा आज भारतीय भूचुंबकत्व संस्था चालवते. संस्थेचं मुख्यालय नवीन पनवेलला, इथल्या लोकलच्या शेवटच्या स्टेशनाजवळ आहे. पुढच्या वेळी पनवेल गाडीत बसलात की ॲप उघडून बघा. डब्यात आकडा वेडावाकडा नाचेल. ट्राममुळे वेधशाळा का हलवावी लागली, ते लगेच कळेल.