अण्णांची पायपीट

१८७५ सालची गोष्ट. कोकणातील मुरूड गावाहून काही मुले परीक्षेसाठी साताऱ्याला निघाली. त्या वेळी ना एस.टी. होती, ना मोटार. वाट शंभराहून अधिक मैलांची. मुले कुंभार्ली घाट चढून, पायी चालत साताऱ्याला पोहोचली. त्यांतला एक मुलगा अंगाने अगदी किरकोळ होता. त्याचे वय सतरा वर्षांचे होते. पण परीक्षकांना ते खरे वाटेना. त्याला परीक्षेला बसू दिले नाही. एवढी पायपीट करून तो हिरमुसला होऊन परतला. पुढे त्याने तीच परीक्षा दिली आणि तो उत्तीर्ण झाला.

हा मुलगा म्हणजे धोंडो केशव कर्वे. त्यांचा जन्म १८ एप्रिल १८५८ रोजी झाला. लोक त्यांना महर्षी म्हणू लागले, ते पुढे. घरची आणि आश्रमातली माणसे त्यांना अण्णा म्हणत.

१८९१ साली अण्णा पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजात गणित शिकवू लागले. त्याच वर्षी त्यांच्या पत्नी राधाबाई वारल्या. मुलगा रघुनाथ अवघा नऊ वर्षांचा होता. त्या काळी पुरुषाने पुन्हा लग्न केले तर कोणी नाव ठेवत नसे. त्यांच्या समाजातल्या विधवेला मात्र पुन्हा लग्न करता येत नसे. तिचे केस कापून तिला घराच्या कोपऱ्यात बसवत. लग्न करायचे तर विधवेशीच, असे अण्णांनी ठरवले. १८९३ साली त्यांनी गोदूबाईंशी लग्न केले. गोदूबाईंचे नाव आनंदीबाई झाले, पण सगळे त्यांना बाया म्हणत. मुरूडच्या लोकांनी अण्णांवर बहिष्कार टाकला. ज्या आईने वाढवले, तिलाही आपला मुलगा घरात घेणे कठीण झाले.

१८९६ साली अण्णांनी विधवांसाठी आश्रम काढला. १९०० साली तो पुण्याजवळ हिंगण्याला एका झोपडीत गेला. दिवसभर कॉलेजात शिकवून अण्णा संध्याकाळी हिंगण्याला चालत जात आणि सकाळी परत येत. पावसाळ्यात वाटेवर चिखलच चिखल असे. आश्रमासाठी लागणारे सामानही ते स्वतः उचलून नेत.

अण्णांनी पाच हजार रुपयांचा आयुष्याचा विमा उतरवला होता. तोही त्यांनी आश्रमाच्या नावे करून टाकला. बायांना फार वाईट वाटले. घरात लहान मुले. उद्या अण्णांचे काही बरेवाईट झाले तर त्यांनी कोणाकडे पाहायचे? बायांचे काही चुकले, असे म्हणवत नाही. तरीही त्यांनी संसाराला हातभार लावला आणि आश्रमासाठी स्वतः वर्गणीही गोळा केली. शंकर, दिनकर आणि भास्कर ही त्यांची मुले. शंकर डॉक्टर झाले, दिनकर प्राध्यापक झाले आणि भास्कर हिंगण्याच्या कामातच राहिले.

एकदा कोणीतरी अण्णांना जपानमधील महिला विद्यापीठाची माहिती देणारी पुस्तिका पाठवली. ती वाचून त्यांच्या मनाने घेतले, की आपल्याकडेही असे विद्यापीठ हवे. १९१६ साली ते सुरू झाले, तेव्हा विद्यार्थिनी होत्या फक्त पाच! उच्च शिक्षण मातृभाषेतून द्यायचे, असा अण्णांचा आग्रह होता. दोनच वर्षांनी हैदराबादला उर्दू माध्यमाचे उस्मानिया विद्यापीठ निघाले. तुम्ही आज आपल्या मातृभाषेतून शिकता, म्हणून हे मुद्दाम सांगितले.

विद्यापीठासाठी मदत मिळवायला अण्णा १९२९ साली परदेशी निघाले. वय सत्तर! युरोप, अमेरिका करून ते जपानलाही पोहोचले. घरी येऊन वर्षही झाले नाही, तोच आफ्रिकेला निघाले. तेथे मोंबासाला शंकर राहत होते. मुलाची भेटही झाली आणि विद्यापीठाचे कामही झाले.

१९३६ साली, अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी, त्यांनी खेड्यांतील शाळांचे काम हाती घेतले. मग हा म्हातारा वर्गणीसाठी पुण्यात दारोदार फिरू लागला.

१९५० साली बाया गेल्या. १९५३ साली थोरला मुलगा रघुनाथही गेला. १९५८ साली अण्णांना शंभर वर्षे पूर्ण झाली. त्यांना भारतरत्न हा सन्मान मिळाला. मुंबईत झालेल्या मोठ्या सत्कारसमारंभाला पंडित नेहरू आले होते. ९ नोव्हेंबर १९६२ रोजी अण्णा वारले, तेव्हा त्यांचे वय एकशे चार वर्षांचे होते. हिंगण्याची ती झोपडी आजही जपून ठेवलेली आहे.