दुःखाला फुटलेली वाचा : चार्ल्स डिकन्स

चार्ल्स डिकन्सच्या कादंबऱ्यांत पोरकी, एकाकी, राबणारी मुले पुन्हा पुन्हा भेटतात. ऑलिव्हर, नेल, डेव्हिड, पिप ही नावे आपल्या परिचयाची आहेत. या मुलांच्या मागे आणखी एक मूल उभे आहे. त्याने आपली कहाणी वीस वर्षांहून अधिक काळ मनात कोंडून ठेवली होती.

७ फेब्रुवारी १८१२ रोजी पोर्ट्समथ येथे चार्ल्सचा जन्म झाला. वडील जॉन डिकन्स आरमाराच्या पगार-कचेरीत कारकून होते. आनंदी, बोलके, पण हाताचे सैल. चॅटम येथे चार्ल्सला शाळा मिळाली, वाचनाची गोडी लागली. १८२२ साली कुटुंब लंडनला आले आणि संसाराची घडी विस्कटली. घरातल्या वस्तू एकेक करून गहाण पडू लागल्या, पुस्तकेही गेली.

१८२४ च्या फेब्रुवारीत, बारावे वर्ष पुरे होताच, चार्ल्सला थेम्सकाठच्या वॉरनच्या कारखान्यात कामाला लावले. उंदरांनी पोखरलेल्या त्या इमारतीत बुटांच्या काळ्या रोगणाच्या बरण्यांना कागद बांधायचे आणि लेबले चिकटवायची. मजुरी आठवड्याला सहा-सात शिलिंग. थोड्याच दिवसांत कर्जापायी वडिलांची रवानगी मार्शलसी तुरुंगात झाली. पुढे आई व धाकटी भावंडेही तेथेच राहावयास गेली. चार्ल्स मात्र बाहेर एकटा राहिला. थोरली बहीण फॅनी संगीत विद्यालयात बक्षिसे मिळवीत होती आणि भाऊ बरण्या बांधीत होता.

मे महिन्यात वडील सुटले, तरी मुलाची सुटका झाली नाही. पुढे वडिलांचे कारखान्यातल्या नातेवाइकाशी भांडण झाले, तेव्हा कुठे त्याला शाळेत घालण्याचे ठरले. आईने मात्र समेट घडवून त्याला परत कामावर पाठवण्याची खटपट केली. हा घाव सर्वांत खोल गेला. घरात त्या दिवसांविषयी पुन्हा कोणी अवाक्षर काढले नाही.

डिकन्स वकिलाच्या कचेरीत कारकून झाला, लघुलेखन शिकला, पार्लमेंटचा वार्ताहर झाला. १८३६ साली 'पिक्विक पेपर्स' प्रसिद्ध होऊ लागले आणि लवकरच त्याचे नाव घरोघर पोहोचले. कारखान्याबद्दल मात्र तो गप्पच होता. पुढे त्याने आत्मचरित्राची काही पाने लिहिली, जिवलग मित्र जॉन फॉर्स्टर याला दाखवली आणि तो उद्योग अर्धवट सोडला.

१८४९-५० साली त्याच पानांतला मजकूर 'डेव्हिड कॉपरफील्ड'मध्ये उतरला. 'मी'च्या तोंडून संपूर्ण सांगितलेली ही त्याची पहिली कादंबरी. चार्ल्स म्हणून जे सांगवेना, ते डेव्हिड म्हणून सांगता आले. बरण्यांच्या जागी दारूच्या बाटल्या आल्या. कर्जबाजारी पित्याचा मिस्टर मिकॉबर झाला आणि वाचकांचा लाडका ठरला. डेव्हिड कारखान्यातून पळून पायी डोव्हर गाठतो आणि वडिलांची आत्या त्याला पदराखाली घेते. खऱ्या चार्ल्सच्या वाट्याला असा पदर आला नव्हता. तो त्याने पंचवीस वर्षांनी आपल्या लेखणीने निर्माण केला.

९ जून १८७० रोजी डिकन्स वारला. फॉर्स्टरने लिहिलेल्या चरित्रातून डेव्हिडच्या मागचा खरा मुलगा जगाला कळला. कोवळ्या वयात सोसलेले पुष्कळांना बोलता येत नाही. लोक हसतील, आईबापांची अब्रू जाईल, या धाकाने ते आतल्या आत कुढत राहतात. अशा वेळी दुसऱ्याच्या नावाने सांगितलेली गोष्ट खोटी ठरत नाही. कधी कधी खरे बोलण्याची तेवढी एकच वाट उरलेली असते.