आगगाडीतील दुकानदार

टॉमस आल्वा एडिसन याचे नाव संशोधक म्हणून जगभर गाजले. परंतु संशोधक होण्यापूर्वी तो व्यापारी होता, आणि व्यापारास त्याने आरंभ केला तेव्हा त्याचे वय अवघे १२ वर्षांचे होते.

एडिसनचा जन्म अमेरिकेतील ओहायओ राज्यात मिलान या गावी ११ फेब्रुवारी १८४७ रोजी झाला. सात भावंडांत तो सर्वांत धाकटा. तो ७ वर्षांचा असताना हे कुटुंब मिशिगन राज्यात, ह्यूरॉन सरोवराकाठच्या पोर्ट ह्यूरॉन या गावी राहावयास गेले. तेथे तो शाळेत जाऊ लागला. परंतु या मुलाचे डोके ठिकाणावर नाही, असा शिक्षकांनी ग्रह करून घेतला. त्याची आई नॅन्सी ही पूर्वी शिक्षिका होती. तिने मुलाला शाळेतून काढले आणि घरीच शिकविले. तिच्यामुळे त्याला वाचनाची गोडी लागली. रसायनशास्त्राचे एक पुस्तक हाती येताच त्यातील प्रयोग करून पाहण्याचा त्याला छंद जडला. घराच्या तळघरात बाटल्यांची रांग लागली. पण रसायने फुकट मिळत नसत आणि घरची स्थिती तर बेताची होती. पैसा हवा असेल तर तो आपणच मिळविला पाहिजे, हे त्याने ओळखले. घरच्या मळ्यातील भाजी गाडीत भरून तो गावात विकू लागला.

१८५९ साली पोर्ट ह्यूरॉनपासून डेट्रॉइट शहरापर्यंत आगगाडी सुरू झाली. या गाडीत वृत्तपत्रे आणि खाऊ विकण्याची परवानगी एडिसनने मागितली. आईचे मन वळविणे सोपे नव्हते. पण अखेर तिनेही होकार दिला. या कामास पगार नव्हता. माल आपण विकत घ्यावयाचा, विकावयाचा आणि उरेल तो नफा आपला. सकाळी ७ वाजता गाडी निघे आणि सुमारे ६० मैलांचा प्रवास करून डेट्रॉइटला पोहोचे. रात्री परतावयास ९ वाजून जात. परतीच्या गाडीस अवकाश असे. तो वेळ एडिसन डेट्रॉइटच्या वाचनालयात घालवी. मिळकतीतून तो दररोज एक डॉलर आईच्या हाती ठेवी. उरलेला पैसा पुस्तके आणि रसायने यांत खर्ची पडे.

गाडीत हिंडता हिंडता त्याची नजर तयार झाली. डेट्रॉइटच्या बाजारात भाजी चांगली मिळते आणि वाटेवरच्या गावांतील शेतकरी लोणी विकण्यास उत्सुक असतात, हे त्याने हेरले. मग त्याने पोर्ट ह्यूरॉनमध्ये दोन दुकाने काढली; एक भाजी, फळे व लोणी यांचे आणि दुसरे नियतकालिकांचे. दोहोंवर दोन मुले नेमली आणि त्यांना नफ्यात वाटा दिला. भाजीचे दुकान बरे चालले. दुसऱ्या दुकानावरील मुलगा मात्र विश्वासास पात्र ठरला नाही, म्हणून ते लवकरच बंद करावे लागले. माल चांगला असला तरी माणसाची पारख नसेल तर दुकान टिकत नाही, हा धडा एडिसनला लहान वयातच मिळाला.

सामानाच्या डब्यातील एक रिकामा भाग त्याला वापरावयास मिळाला होता. तेथे त्याने आपली प्रयोगशाळा मांडली. पुढे एक जुने लहान मुद्रणयंत्र विकत घेऊन तेही तेथेच ठेवले, आणि १८६२ साली धावत्या गाडीत एक साप्ताहिक छापण्यास प्रारंभ केला. खिळे जुळविणारा, छापणारा, लिहिणारा आणि विकणारा असा तो एकटाच! मोठ्या वृत्तपत्रांत न येणारे या रेल्वेमार्गावरचे बारीकसारीक वर्तमान, गाड्यांच्या वेळा, लोणी आणि अंडी यांचे भाव असा मजकूर त्यात असे. अंकाची किंमत ३ सेंट होती. सेंट म्हणजे डॉलरचा शंभरावा भाग. या साप्ताहिकाचा खप वाढत वाढत सुमारे ४०० प्रतींपर्यंत गेला.

त्या काळी अमेरिकेत उत्तरेकडील आणि दक्षिणेकडील राज्यांत यादवी युद्ध चालू होते. १८६२ च्या एप्रिल महिन्यात ६ व ७ तारखांना शायलो येथे घनघोर लढाई झाली. दोन्ही बाजूंचे मिळून सुमारे २३,७०० सैनिक मृत, जखमी वा बेपत्ता झाले. डेट्रॉइटमध्ये वृत्तफलकांपुढे जमलेली गर्दी पाहून एडिसनच्या मनात एक विचार आला. ही वार्ता वाटेवरच्या स्थानकांवर आधीच पोहोचली, तर तेथेही अशीच गर्दी जमेल. त्याने तारमास्तरास गाठले. काही महिने नियतकालिके विनामूल्य देण्याचे कबूल करून त्याने पुढच्या स्थानकांवर तारेने लढाईची वार्ता पाठविण्याची व्यवस्था केली.

एरवी तो शंभर-दोनशे अंक घेत असे. आज त्याला १,००० हवे होते. पण तेवढे पैसे मात्र जवळ नव्हते. अंक खपले नाहीत तर कर्ज डोक्यावर बसणार होते. तो धीर करून थेट वृत्तपत्राच्या संपादकाकडे गेला आणि त्याने उधारीवर अंक मागितले. अवघ्या १५ वर्षांच्या त्या मुलावर संपादकाने विश्वास टाकला.

पुढे जे घडले ते एडिसनने उतारवयात आपल्या आठवणींत सांगितले आहे. ज्या पहिल्या लहान स्थानकावर एरवी दोन अंक खपत, तेथे लोकांची झुंबड उडाली होती. ३५-४० अंक तेथेच गेले. पुढच्या स्थानकावर गर्दी आणखी मोठी होती. त्याने ५ सेंटांच्या अंकाचे १० सेंट केले, आणि पोर्ट ह्यूरॉनला तर २५ सेंट घेतले. सारे अंक संपले. ज्यांची मुले आणि भाऊ रणांगणावर होते, त्यांना त्या बातमीपुढे किंमत मोठी वाटली नाही. अशा घटकेला किंमत इतकी वाढविणे कितपत योग्य, हा प्रश्न मात्र वाचणाऱ्याच्या मनात आल्यावाचून राहत नाही.

त्या दिवशी एडिसनला पैसा मिळाला, पण त्याहून मोठी गोष्ट त्याच्या ध्यानी आली. वार्ता गाडीच्या आधी पोहोचली ती तारायंत्रामुळे. ही विद्या आपण शिकलीच पाहिजे, असे त्याने ठरविले. त्या वर्षी गाडीतील प्रयोगशाळेत फॉस्फरस पडून आग लागली आणि गार्डाने त्याचे सारे सामान गाडीखाली उतरविले. याच वर्षी माउंट क्लेमेन्स स्थानकावर, रुळांवर खेळत असलेल्या स्टेशनमास्तरच्या लहानग्या मुलाला त्याने धावत्या डब्यापुढून ओढून वाचविले. त्या कृतज्ञ पित्याने त्याला तारायंत्राचे शिक्षण दिले, आणि दुकानदार मुलगा तारमास्तर झाला.

पुढे १८६९ साली सभागृहातील मते मोजणाऱ्या यंत्राचे पहिले पेटंट त्याला मिळाले. यंत्र उत्तम होते, परंतु ते कोणास नको होते. ज्या वस्तूची लोकांना गरज नाही, ती निर्माण करण्यात वेळ घालवावयाचा नाही, असा निश्चय त्याने केला. गाडीत विकता विकता जे तो शिकला होता, तेच त्याला येथे पुन्हा आठवले असेल. १८७७ साली त्याने ध्वनिलेखन यंत्र बनविले. १८७९ साली त्याने दीर्घकाळ टिकणारा विजेचा दिवा सिद्ध केला आणि १८८२ साली न्यूयॉर्कमध्ये घराघरांत वीज पोहोचविली. अमेरिकेत त्याच्या नावे १,०९३ पेटंटे नोंदली गेली. १८ ऑक्टोबर १९३१ रोजी त्याचा मृत्यू झाला.

टोपलीभर भाजी आणि हातभर वृत्तपत्रे एवढ्याच भांडवलावर या मुलाने प्रारंभ केला होता. कोणाला काय हवे आहे हे डोळे उघडे ठेवून पाहणे, दिलेला शब्द पाळणे आणि मिळालेला पैसा ज्ञानाकडे वळविणे, हेच त्याचे खरे भांडवल. ते कोणत्याही बाजारात विकत मिळत नाही, आणि ज्याच्यापाशी ते असते त्याचे कधी दिवाळे निघत नाही.