नॉर्म स्मिथ

नॉर्मन वॉल्टर स्मिथ (२१ नोव्हेंबर, इ.स. १९१५ – २९ जुलै, इ.स. १९७३) हे ऑस्ट्रेलियन रूल्स फुटबॉल या खेळातील ख्यातनाम खेळाडू व प्रशिक्षक होते. त्यांच्या प्रशिक्षणाखाली मेलबर्न फुटबॉल क्लबने १९५५, १९५६, १९५७, १९५९, १९६० आणि १९६४ अशी सहा वेळा व्हिक्टोरियन फुटबॉल लीगचे अजिंक्यपद पटकावले. तांबूस केस आणि डावपेचांतील चाणाक्षपणा यांमुळे ते 'रेड फॉक्स' म्हणजे तांबडा कोल्हा या टोपणनावाने ओळखले जात. १९९६ साली ऑस्ट्रेलियन फुटबॉल लीगने जाहीर केलेल्या शतकातील सर्वोत्तम संघाचे प्रशिक्षक म्हणून स्मिथ यांचीच निवड झाली.

खेळाची पार्श्वभूमी

स्मिथ यांच्या कार्याचे मर्म कळण्यासाठी या खेळाची थोडी ओळख आवश्यक आहे. ऑस्ट्रेलियन रूल्स फुटबॉल लंबवर्तुळाकार मैदानावर, बहुधा क्रिकेटच्याच मैदानावर, लांबट चेंडूने खेळला जातो. प्रत्येक बाजूचे १८ खेळाडू मैदानात असतात. गोलरक्षक नसतो आणि ऑफसाइडचा नियमही नसतो. मैदानाच्या दोन्ही टोकांना चार-चार खांब असतात. मधल्या दोन उंच खांबांतून चेंडू मारला तर गोल होतो व त्याचे ६ गुण मिळतात. बाजूच्या खांबांमधून गेला तर 'बिहाइंड' होतो व त्याचा केवळ १ गुण मिळतो. गोलरक्षक नसल्यामुळे बचावाचा सगळा भार मागच्या दोन फळ्यांतील सहा जणांवर पडतो. खांबांच्या अगदी पुढे फुल बॅक आणि त्याच्या दोन्ही बाजूंना बॅक पॉकेट, तर त्यांच्या पुढे हाफ बॅकची तिघांची फळी, अशी ही रचना असते. प्रत्येक बचावपटूच्या वाट्याला प्रतिस्पर्धी आघाडीतील एक गडी येतो आणि त्याला दिवसभर जखडून ठेवणे हे त्याचे काम असते.

स्मिथ यांच्या काळात संघाला दोनच राखीव खेळाडू मिळत आणि बदललेला खेळाडू पुन्हा मैदानात उतरू शकत नसे. त्यामुळे सामन्याआधीची निवड चुकली तर ती सामन्यादरम्यान सुधारण्यास फारसा वाव नव्हता. प्रशिक्षक, कर्णधार आणि क्लबचे निवडकर्ते एकत्र बसून संघ ठरवीत आणि त्या यादीवरून शहरभर वाद झडत. स्मिथ यांचे आयुष्य या वादांच्या मध्यभागी गेले.

खेळाडू म्हणून कारकीर्द

स्मिथ यांचा जन्म मेलबर्न शहरातला. त्यांचे थोरले बंधू लेन हेही लीगमध्ये खेळले आणि पुढे नामांकित प्रशिक्षक झाले. नॉर्म १९३५ साली मेलबर्न क्लबच्या संघात आले. आघाडीच्या फळीत फुल फॉरवर्ड म्हणून त्यांनी नाव मिळवले. फुल फॉरवर्डची किंमत त्याच्या गोलांवरून ठरते. परंतु स्मिथ यांचा लौकिक गोल करण्याइतकाच गोल करू देण्याबद्दलही होता. आपल्यावर नेमलेल्या बचावपटूला मुद्दाम बाजूला ओढून नेऊन ते सहकाऱ्यासाठी मोकळी जागा करून देत. बचावफळी कशी फसते याचा त्यांचा अभ्यास इथेच, समोरच्या बाजूने, झाला असे म्हणावे लागेल.

फ्रँक 'चेकर' ह्यूज यांच्या प्रशिक्षणाखाली मेलबर्नने १९३९, १९४० व १९४१ अशी सलग तीन अजिंक्यपदे जिंकली. या तिन्ही संघांत स्मिथ होते. १९४५ ते १९४७ या काळात ते संघाचे कर्णधार होते. १९४८ सालचा अंतिम सामना बरोबरीत सुटला आणि पुन्हा खेळवावा लागला. त्या वेळी ह्यूज यांनी राखीव संघातून जॅक म्युलर या मुरलेल्या खेळाडूला परत बोलावले होते. अनेकांना धाडसी वाटलेला हा निर्णय म्युलर यांच्या गोलांनी सार्थ ठरला. त्यांच्याबरोबर आघाडीत खेळणाऱ्या स्मिथ यांनी एका अचूक निवडीचे मोल तेव्हा जवळून पाहिले. खेळाडू म्हणून हे त्यांचे चौथे अजिंक्यपद होते. मेलबर्नकडून त्यांनी २१० सामन्यांत ५४६ गोल केले.

ह्यूज निवृत्त झाल्यावर प्रशिक्षकपद आपल्याकडे येईल अशी स्मिथ यांची अपेक्षा होती. क्लबने ॲलन ला फाँटेन यांची नेमणूक केली आणि स्मिथ १९४९ मध्ये कर्णधार-प्रशिक्षक म्हणून फिट्झरॉय क्लबमध्ये गेले. १९५१ मध्ये मेलबर्नचा संघ गुणतक्त्याच्या तळाला पोहोचला, तेव्हा क्लबला त्यांची आठवण झाली. १९५२ च्या हंगामापासून ते मेलबर्नचे प्रशिक्षक झाले.

मेलबर्नचे प्रशिक्षकपद

यश ताबडतोब आले नाही. १९५३ मध्ये बारा संघांत मेलबर्न अकरावे होते. क्लबचे सचिव जिम कार्डवेल गावोगाव फिरून तरुण खेळाडू आणत होते आणि स्मिथ त्यांना घडवत होते. १९५४ मध्ये हा कोवळा संघ थेट अंतिम सामन्यात पोहोचला. तेथे फुटस्क्रेने त्याचा ५१ गुणांनी पराभव केला आणि एकूण १०२ गुण लुटले. तेथून पुढे १९६० पर्यंत, म्हणजे १९५४ धरून सलग सात वर्षे, मेलबर्न अंतिम सामन्यात खेळले. १९५६ चा अंतिम सामना पाहण्यासाठी मेलबर्न क्रिकेट मैदानावर १,१५,८०२ प्रेक्षक जमले होते.

या संघाचे वर्णन करताना रॉन बरासी यांचा धडाकेबाज खेळ प्रथम आठवतो आणि बहुतेक लेखनात तोच केंद्रस्थानी असतो. आकडे मात्र दुसरीकडे बोट दाखवतात. स्मिथ यांनी जिंकलेल्या सहा अंतिम सामन्यांत प्रतिस्पर्ध्यांचे गुण अनुक्रमे ३६, ४८, ५५, ७८, १४ आणि ६० होते. एकदाही ते ८० पर्यंत पोहोचले नाहीत. हरलेल्या दोन्ही अंतिम सामन्यांत, १९५४ व १९५८ मध्ये, त्यांनी ८० ची मर्यादा ओलांडली. १९५५ च्या विजयात तर मेलबर्नचे स्वतःचे गुणही ६४ च होते. १९६० चा अंतिम सामना पावसाने चिखल झालेल्या मैदानावर झाला. त्यात कॉलिंगवुडसारख्या मातब्बर संघाला संपूर्ण सामन्यात केवळ २ गोल व २ बिहाइंड करता आले. चिखलाने दोन्ही बाजूंना सारखेच छळले हे खरे, तरीही त्याच चिखलात मेलबर्नने ८ गोल केले होते.

१९५५ ते १९५९ ही पाचही वर्षे संघाचे कर्णधारपद बचावफळीतील खेळाडूकडे होते, हीही लक्षणीय बाब आहे. पहिली दोन वर्षे हाफ बॅकचे नोएल मॅकमेहन कर्णधार होते, नंतरची तीन वर्षे बॅक पॉकेटचे जॉन बेकविथ. बेकविथ यांची खासियत डोळ्यांत भरणारी नव्हती. चेंडू धोक्याच्या जागेतून सीमारेषेबाहेर घालवण्यात त्यांचा हातखंडा होता. चेंडू बाहेर गेला की पंच तो पुन्हा आत फेकतो. तेवढ्या वेळात सगळी फळी आपापल्या जागी परतते. प्रेक्षकांना कंटाळवाणे वाटणारे हे काम स्मिथ यांच्या लेखी नेत्रदीपक झेलापेक्षा मोलाचे होते. आघाडीतल्या खेळाडूनेही चेंडू हातून गेल्याबरोबर बचावाला लागावे, असा त्यांचा दंडक होता.

निवडीच्या बाबतीत त्यांचा कठोरपणा सर्वश्रुत होता. नावावर किंवा मागच्या हंगामातील पराक्रमावर कोणाची जागा टिकत नसे. १९५५ पासून १९६४ पर्यंतच्या सहाही विजयी संघांत खेळलेले केवळ दोघे आहेत, बरासी आणि फ्रँक ॲडम्स. दहा वर्षांत बाकीचा सगळा संघ बदलला, तरी खेळण्याची पद्धत तीच राहिली. चेंडू धरून न ठेवता झटपट पुढे द्यावा, या आग्रहामागे लेन यांच्या विचारांचाही वाटा होता. लेन १९५८ पासून फिट्झरॉयचे प्रशिक्षक होते. दोघे भाऊ परस्परांविरुद्ध उभे राहत आणि तरी खेळाविषयीच्या कल्पना एकमेकांना सांगत.

रॉन बरासी

बरासी यांचे वडील, थोरले रॉन बरासी, मेलबर्नच्या संघात स्मिथ यांचे सहकारी व स्नेही होते. दुसऱ्या महायुद्धात १९४१ साली ते टोब्रुक येथे मारले गेले. पुढे आई टास्मानियाला गेल्यावर तरुण रॉन स्मिथ व त्यांच्या पत्नी मार्जोरी यांच्याकडे, घरामागच्या खोलीत, राहू लागले. १९५३ मध्ये त्यांनी मेलबर्नकडून पदार्पण केले, तेव्हा त्यांना कोठे खेळवावे हा प्रश्नच होता. उंच चेंडूसाठी झुंजणाऱ्या 'रक'ला लागणारी उंची त्यांच्याकडे नव्हती आणि खाली पडलेला चेंडू टिपणाऱ्या चपळ 'रोव्हर'पेक्षा त्यांचा बांधा भारी होता. स्मिथ यांनी दोहोंच्या मधली 'रक-रोव्हर' ही भूमिका त्यांना दिली. ही भूमिका बरासी यांच्यामुळे इतकी रूढ झाली की पुढे प्रत्येक संघ त्या जागेसाठी खेळाडू शोधू लागला. उपलब्ध जागेत खेळाडू बसवण्याऐवजी खेळाडू पाहून जागा घडवण्याचे हे उत्तम उदाहरण आहे. घरच्या मुलाला झुकते माप मिळते असे कोणाला म्हणता येऊ नये म्हणून स्मिथ मैदानावर त्यांच्याशी अधिकच कडक वागत.

१९५८ मध्ये हीच गोष्ट मेलबर्नवर उलटली. लागोपाठ चौथे अजिंक्यपद जिंकले असते तर कॉलिंगवुडच्या १९२७ ते १९३० मधील विक्रमाची बरोबरी झाली असती. तो विक्रम राखण्याच्या ईर्षेने उतरलेल्या कॉलिंगवुडने बॅरी हॅरिसन यांना बरासींच्या मागे लावले. धसमुसळ्या खेळाने मेलबर्नचे खेळाडू चेंडू सोडून माणसांच्या मागे लागले आणि कॉलिंगवुड १८ गुणांनी जिंकले. शिस्तीवर उभा असलेला संघ शिस्त सुटल्यामुळे हरला, हे स्मिथ यांना फार लागले.

१९६४ चा अंतिम सामना

या सामन्यात पुन्हा कॉलिंगवुडच समोर होते. अखेरच्या मिनिटांत त्यांचे धिप्पाड कर्णधार रे गेबेलिच यांनी चेंडू आपटत लांब धाव घेऊन गोल केला आणि आघाडी मिळवली. त्यानंतर विजयी गोल केला तो मेलबर्नच्या बॅक पॉकेटमधील नील क्रॉम्प्टन यांनी. आपल्या प्रतिस्पर्ध्याचा पाठलाग करत ते मैदानाच्या दुसऱ्या टोकाला जाऊन पोहोचले होते. मेलबर्न ६४ विरुद्ध ६० असे जिंकले. बचावपटूने जागा सोडणे स्मिथ यांना मुळीच खपत नसे. त्यामुळे सामन्यानंतर त्यांनी क्रॉम्प्टन यांना खडसावले, अशी आख्यायिका आजही सांगितली जाते. क्रॉम्प्टन यांच्या बाजूने एवढे म्हणता येईल की त्यांनी जागा सोडली, गडी सोडला नाही.

बडतर्फी

१९६४ चा हंगाम संपल्यावर बरासी कर्णधार-प्रशिक्षक म्हणून कार्लटन क्लबमध्ये गेले. तरीही १९६५ मध्ये मेलबर्नने पहिले आठही सामने जिंकले. नंतर पराभव सुरू झाले आणि स्मिथ व क्लबची समिती यांच्यातील जुना बेबनाव उघड झाला. एका पंचाने स्मिथ यांच्यावर बदनामीचा दावा केला होता आणि त्या प्रकरणात क्लबने आपल्याला वाऱ्यावर सोडले अशी त्यांची भावना होती. त्यांचा स्वभावही तडजोडीचा नव्हता. संघाच्या बाबतीत समितीची लुडबुड त्यांना सहन होत नसे. २३ जुलै १९६५ रोजी, सामन्याच्या आदल्या संध्याकाळी, बडतर्फीचे पत्र त्यांच्या घरी पोहोचवण्यात आले. अकरा वर्षे सलग संघाला पहिल्या चारांत ठेवणाऱ्या प्रशिक्षकाला असे काढल्याचे कळताच शहरात खळबळ उडाली. दुसऱ्या दिवशी ह्यूज यांनी संघ सांभाळला आणि मेलबर्न नॉर्थ मेलबर्नकडून हरले. पुढच्या आठवड्याच्या प्रारंभीच समितीला निर्णय फिरवून स्मिथ यांना परत बोलवावे लागले. तुटलेला विश्वास मात्र सांधला गेला नाही. त्या हंगामात मेलबर्न सातव्या स्थानावर घसरले.

१९६७ हे वर्ष स्मिथ यांना विशेष जड गेले. त्यांना स्वतःला हृदयविकाराने गाठले आणि त्याच वर्षी लेन यांचे निधन झाले. हंगामाअखेर त्यांनी मेलबर्न सोडले.

उत्तरायुष्य व वारसा

१९६९ ते १९७२ या काळात स्मिथ साउथ मेलबर्न क्लबचे प्रशिक्षक होते. १९७० मध्ये हा संघ १९४५ नंतर प्रथमच अंतिम फेरीच्या सामन्यांसाठी पात्र ठरला. साउथ मेलबर्नचे थोर खेळाडू बॉब स्किल्टन यांना दीर्घ कारकिर्दीत त्या फेरीतील एकमेव सामना खेळता आला तो याच वर्षी. २९ जुलै १९७३ रोजी मेंदूतील गाठीमुळे स्मिथ यांचे वयाच्या ५७ व्या वर्षी निधन झाले.

१९७९ पासून अंतिम सामन्यातील सर्वोत्कृष्ट खेळाडूला नॉर्म स्मिथ पदक दिले जाते. कार्लटनचे वेन हार्म्स हे त्याचे पहिले मानकरी. संघापुढे व्यक्तीला कधीही मोठे न मानणाऱ्या प्रशिक्षकाचे नाव वैयक्तिक पारितोषिकाला मिळाले, हा योगायोग मजेशीर आहे. मेलबर्न क्लबला १९६४ नंतर प्रदीर्घ काळ अजिंक्यपदाने हुलकावणी दिली. १९८७ पर्यंत तर संघ अंतिम फेरीच्या सामन्यांपर्यंतही पोहोचला नाही. १९६५ च्या बडतर्फीची फळे म्हणून चाहते याला नॉर्म स्मिथचा शाप म्हणू लागले. ५७ वर्षांनी, २०२१ मध्ये, कोविडच्या साथीमुळे पर्थ येथे खेळवलेल्या अंतिम सामन्यात मेलबर्नने वेस्टर्न बुलडॉग्ज, म्हणजे पूर्वीच्या फुटस्क्रे, संघाला ७४ गुणांनी हरवले. त्या सामन्यातील नॉर्म स्मिथ पदक मेलबर्नच्याच ख्रिश्चन पेट्राका यांना मिळाले.