कै. रावबहादुर सीताराम केशव बोले

भंडारी ज्ञातीचे भूषण कै. रावबहादुर बोले यांच्या १९२३ च्या ठरावाचा गौरव सर्वत्र होतो; त्यांच्या दुसऱ्या ठरावाचा उल्लेख क्वचितच होतो. प्रस्तुत लेखकास तो अधिक मोलाचा वाटतो.

४ ऑगस्ट १९२३ रोजी मुंबई कायदे कौन्सिलात त्यांचा ठराव संमत झाला. सार्वजनिक पैशातून बांधलेले व चालविलेले पाणवठे, विहिरी, धर्मशाळा, तसेच सरकारी शाळा, कचेऱ्या व दवाखाने अस्पृश्य मानलेल्या बांधवांस खुले करावेत, असा त्याचा आशय. महाड नगरपालिकेने १९२४ साली त्यानुसार चवदार तळे खुले केले, पण कागदावर! प्रत्यक्षात त्या बांधवांस पाणी मिळाले नाहीच.

ठराव संमत झाला की कर्तव्य संपले, असे मानणारे सभासद पुष्कळ. रावबहादुर त्यांतले नव्हते. ५ ऑगस्ट १९२६ रोजी त्यांनी पुन्हा ठराव आणला : ज्या नगरपालिका व लोकलबोर्डे पहिला ठराव पाळणार नाहीत, त्यांस सरकारी अनुदान देऊ नये. रोगाची नाडी त्यांनी अचूक ओळखली होती.

पुढे २० मार्च १९२७ रोजी डॉ. आंबेडकरांनी हजारो अनुयायांसह तळ्याचे पाणी प्राशन केले. वाद न्यायालयात गेला, आणि १९३७ साली मुंबई हायकोर्टाचा निकाल अस्पृश्यांच्या बाजूने लागला. रावबहादुर १९६१ साली निवर्तले; तो निकाल त्यांच्या हयातीतच लागला होता.