पदवी हाती, पण दार बंद : कुमारी कॉर्नेलिया सोराबजी

हिंदुस्थानातील पहिल्या स्त्री-वकील म्हणून ज्यांचे नाव घेतात, त्या कुमारी कॉर्नेलिया सोराबजी यांच्या बालपणीचा काही काळ बेळगावात गेला, हे आमच्या तिकडील वाचकांपैकी थोड्यांनाच ठाऊक असेल. जन्म नाशिकचा, १५ नोव्हेंबर १८६६ चा. वडील रेव्ह. सोराबजी खरशेटजी हे पारशी समाजातून प्रभूकडे आलेले मिशनसेवक. आई फ्रान्सिनाबाई यांनी पुण्यात व्हिक्टोरिया हायस्कूल काढले. अशा घरात मुलींनी शिकावे की नाही, असा प्रश्नच नव्हता.

प्रश्न उभा राहिला तो शिक्षण संपल्यावर. डेक्कन कॉलेजातून पहिल्या वर्गात उत्तीर्ण होऊन त्या मुंबई विद्यापीठाच्या पहिल्या स्त्री-पदवीधर ठरल्या. त्या गुणांवर विलायतेला जाण्याची सरकारी शिष्यवृत्ती मिळावयाची, पण ती स्त्रीला देता येत नाही, असे उत्तर आले. पुण्यात आईच्या शाळेत जागा होतीच. तरी १८८८ साली त्या अहमदाबादेस गेल्या व गुजरात कॉलेजात इंग्रजी शिकवू लागल्या. नोकरी तात्पुरती, वय एकवीस-बावीस, आणि समोर बसलेले विद्यार्थी सारे पुरुष! आमच्या मंडळ्यांतील जी मुलेमुली आज पदवी घेऊन पुण्याला, बंगळूरला किंवा आखाती देशांत जातात, त्यांच्या आईबापांना त्या घरची काळजी सांगावयास नको.

पुढे इंग्लंडातील स्नेह्यांनी वर्गणी जमविली. तीत फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांचाही हात होता. १८८९ मध्ये कॉर्नेलियाबाई ऑक्सफर्डला गेल्या आणि १८९२ मध्ये खास परवानगीने कायद्याच्या परीक्षेस बसणारी पहिली स्त्री ठरल्या. परीक्षा झाली, पदवी मात्र नाही. ती तीस वर्षांनी, १९२२ साली हाती पडली.

१८९४ मध्ये त्या स्वदेशी परतल्या. काठेवाड व इंदूरकडील संस्थानांत पडदानशीन स्त्रियांची गाऱ्हाणी इंग्रज एजंटांपुढे मांडण्याची त्यांना मुभा मिळाली, पण न्यायालयात उभे राहण्याची नाही. त्यांनी १८९७ साली मुंबईची एल्‌एल्. बी. व १८९९ साली अलाहाबादची वकिलीची परीक्षा दिली, तरी सनद मिळाली नाही.

तेव्हा त्यांनी कामाचीच नवी जागा सुचविली. परपुरुषाशी बोलता येत नसल्याने ज्या विधवांच्या जमिनी कारभारी गिळतात, त्यांच्यासाठी सरकारने एक स्त्री-सल्लागार नेमावी, असा अर्ज त्यांनी १९०२ पासून लावून धरला. १९०४ साली बंगालच्या कोर्ट ऑफ वॉर्ड्समध्ये, म्हणजे अज्ञान वारसांच्या व अशा स्त्रियांच्या मिळकती सांभाळणाऱ्या खात्यात, त्यांची नेमणूक झाली. पुण्याची ही मुलगी मग बंगाल, बिहार, ओरिसा व आसाम अशी वीस वर्षे हिंडली. सहाशेहून अधिक स्त्रिया व पोरकी मुले यांना तिने कायद्याचा आधार दिला. यांतील बहुतेक स्त्रिया ख्रिस्ती नव्हत्या, हे शब्बाथशाळेच्या शिक्षकांनी मुलांना अवश्य सांगावे.

त्यांचे राजकारण आम्हांस पटत नाही. इंग्रजी राज्यावर त्यांचा फार भरवसा होता, आणि गांधीजींच्या चळवळीस त्यांनी उघड विरोध केला.

१९२३ च्या कायद्याने स्त्रियांना वकिली खुली झाली. १९२४ साली कॉर्नेलियाबाईंनी कलकत्त्यास वकिली सुरू केली, तेव्हा त्यांचे वय सत्तावन्न होते. तेथेही त्यांच्याकडे येई ते बहुतेक लेखी सल्ला देण्याचेच काम. १९२९ साली त्या निवृत्त होऊन लंडनला गेल्या व ६ जुलै १९५४ रोजी तेथेच वारल्या.