डॉ. कमल रणदिवे

कमल समर्थ यांचा जन्म ८ नोव्हेंबर १९१७ रोजी पुण्यात झाला. वडील फर्ग्युसन महाविद्यालयात जीवशास्त्राचे प्राध्यापक होते. मुलीने डॉक्टर व्हावे, अशी त्यांची इच्छा. पण हुजूरपागेत शिकलेल्या कमलताईंचा ओढा वनस्पती व प्राणी यांच्या अभ्यासाकडे होता. १९३९ साली गणितज्ञ रणदिवे यांच्याशी विवाह होऊन त्या मुंबईस आल्या. १९४३ साली त्या एम.एस्सी. झाल्या. विषय होता सीताफळाच्या कुळातील वनस्पतींची गुणसूत्रे!

पुढे टाटा स्मारक रुग्णालयात डॉ. वसंत खानोलकर यांच्या मार्गदर्शनाखाली त्यांनी १९४९ मध्ये पीएच.डी. मिळवली. नंतर अमेरिकेतील जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात त्या शरीराबाहेर पेशी वाढवण्याचे तंत्र शिकल्या आणि परतल्यावर मुंबईच्या भारतीय कर्करोग संशोधन केंद्रात त्यांनी ऊतिसंवर्धनाची प्रयोगशाळा उभारली.

स्तनांचा कर्करोग हा त्यांच्या संशोधनाचा मुख्य विषय. उंदरांच्या काही वाणांत हा रोग पिढ्यान्पिढ्या आढळतो, काहींत क्वचितच. असे का व्हावे? आनुवंशिकता, संप्रेरके आणि आईच्या दुधातून पिलांत जाणारा विषाणू यांचा परस्परसंबंध त्यांनी अभ्यासला. त्याचा उलगडा जनुकांच्या पातळीवर होण्यास मात्र बराच काळ जावा लागला. शरीरातील जवळजवळ सर्व पेशींत तीच जनुके असतात. कोणते जनुक कोठे, केव्हा आणि किती कार्य करील, म्हणजेच त्याची अभिव्यक्ती, ही पेशीगणिक निराळी असते. उंदरांतील हा विषाणू गुणसूत्रात शिरून शेजारचे निद्रिस्त जनुक जागे करतो. माणसाच्या स्तनकर्करोगास असा विषाणू कारण असल्याचे सिद्ध झालेले नाही. जनुकांच्या अभिव्यक्तीतील बिघाड मात्र तेथेही असतोच.

म्हणून आज जबलपूर असो की मुंबई, गाठीचा तुकडा तपासताना केवळ कर्करोग आहे की नाही, एवढेच पाहून भागत नाही. हर-२ नावाच्या प्रथिनाचे जनुक अतिरिक्त कार्य करीत असेल, तर रोग वेगाने पसरतो. पूर्वी अशा स्त्रियांची आशा फार थोडी असे. त्या प्रथिनाला रोखणाऱ्या पहिल्या औषधाला अमेरिकेत १९९८ साली मान्यता मिळाली. हे औषध म्हणजे एक प्रतिपिंड. त्याचे जनुक हॅमस्टर या उंदरासारख्या प्राण्याच्या पेशींत घालतात आणि त्या पेशी संवर्धनपात्रांत वाढवून औषध मिळवतात.

कमलताईंना १९८२ साली पद्मभूषण मिळाले. निवृत्तीनंतर त्या अकोले तालुक्यातील आदिवासी बालकांच्या पोषणाच्या प्रश्नाकडे वळल्या. ११ एप्रिल २००१ रोजी त्यांचे निधन झाले.